साक्षीदार क्रमांक २

मागच्या रविवारी शेजारच्या काकूंची मुलगी घरी आली होती. बारावी झाली आहे, बी.ए.ला कोणते विषय घ्यावेत ते विचारायला. म्हणाली, "ताई, मला सायकॉलॉजी अन् क्रिमिनॉलॉजीच करायचं आहे. खून करणाऱ्याच्या डोक्यात काय चालू राहते ते शिकायचं आहे मला." फार मनापासून बोलत होती. मी तिला अभ्यासक्रमाचं सांगितलं, माझ्या वह्या दाखवल्या, तर्री पोहे खाऊ घातले. पण जे सांगायला हवं होतं ते तिच्या आईसमोर, पोह्यांच्या प्लेटी हातात असताना, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

या अभ्यासात मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली केस खुनाची नव्हती. ती माझ्या आईच्या मंगळसूत्राची होती आणि तिच्यात मी साक्षीदार क्रमांक २ होते.

आधी घरचं सांगते. माझे बाबा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिपाई होते. वर्धा रोडवर राहाटे कॉलनी चौकाजवळची ती भिंत नागपुरातल्या प्रत्येकाने येता-जाता पाहिलेली असते. आमचं लहानपण त्या भिंतीशेजारच्या क्वार्टरमध्ये गेलं. लोकांना वाटतं, जेलमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाकडे किश्श्यांचा खजिना असेल. बाबा घरी फक्त गिनतीबद्दल बोलायचे. संध्याकाळी बराकींना कुलूप लागायच्या आधी आतली माणसं मोजायची. आकडा जुळला की घरी यायचं, नाही जुळला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. ते उशिरा आले की आई ताट वाढता वाढता एवढंच विचारायची, "जुळली?" ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला इथे फाशी झाली तेव्हा टीव्हीवाल्यांच्या गाड्या आमच्या ओळखीच्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि लांबलांबचे नातेवाईक बाबांना फोन करून फाशी यार्डाबद्दल विचारत होते. बाबा तेव्हा निवृत्त झालेले. ते कोणालाच काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "आत हजारो माणसं राह्यते, त्यायचं कोणी विचारत नाही."

आता ते मंगळसूत्र.

एप्रिल २००९. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वय एकोणीस. आई आणि मी बाजार करून परत येत होतो. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून चपलेतून भाजत होतं. मागून मोटरसायकल आली, मागे बसलेल्याने हात टाकला आणि आई गुडघ्यावर पडली. सव्वा तोळ्याचं मंगळसूत्र. मानेवर साखळीचा लाल वळ उठला होता, काळ्या मण्यांचा एक पदर तुटून रस्त्यावर सांडला होता. ते मणी मी वेचून ओढणीच्या टोकात बांधले, असं मला आठवतं. हे "मला आठवतं" मी आता फार जपून लिहिते.

त्याच रात्री ठाण्यात फिर्याद झाली. दुसऱ्या दिवशी एक हवालदार जबाब घ्यायला घरी आले. वयस्कर, शांत माणूस होता, आईशी अदबीने बोलत होता. मला त्याच्याबद्दल आजही राग नाही. त्यांनी विचारलं, "मागं बसलेला सावळाच होता ना, बाई? बारीक अंगाचा? कानात बाली असंल त्याच्या?"

मी म्हटलं, "हो. बाली होती."

अकरा दिवसांनी ठाण्यात बोलावलं. आतल्या खोलीत भिंतीला लागून एक बाकडं होतं आणि त्याच्यावर एकच मुलगा बसला होता. पायात चप्पल नव्हती. "पाहा बरं नीट, हाच ना?" मी पाहिलं. सगळ्यात आधी मी त्याच्या कानाकडे पाहिलं, हे मला पक्कं सांगता येतं, कारण त्या बालीवर खिडकीतला उजेड पडला होता आणि माझ्या पोटात गोळा आला होता. मी म्हटलं, "हाच."

"शाब्बास! बरोबर ओळखलं." मला चहा दिला. एक जण म्हणाला, अशा हिंमतवान मुली पाहिजेत. मी घरी येऊन हे सगळं दोनदा सांगितलं, आईला आणि मग मामाला. दुसऱ्यांदा सांगताना तो मुलगा मोटरसायकलवरून मागे वळून माझ्याकडे बघत होता, असंही सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. काही दिवसांनी तो मुलगा त्यांच्याच जेलमध्ये आला, कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच. बाबांनी वरिष्ठांना जाऊन सगळं सांगितलं आणि त्या बराकीची ड्युटी स्वतः होऊन बदलून घेतली. घरी याबद्दल अवाक्षर नाही.

केस पाच वर्षांनी उभी राहिली. २०१४ मध्ये समन्स आलं. तोवर मी एका पतसंस्थेत नोकरीला लागले होते, अर्धा दिवस रजा टाकून गेले. साक्षीदार क्रमांक १ आई, क्रमांक २ मी. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी आज कोर्टात हजर आहे का, दाखवा. मागे तीन-चार माणसं उभी होती. मी एकेकाचा चेहरा पाहिला आणि माझ्या आत काहीच हललं नाही. एकाच्याही कानात बाली नव्हती. मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. मला फितूर ठरवण्यात आलं. पूर्वीचा जबाब वाचून दाखवला, "हे तुम्ही सांगितलं होतं की नाही?" सांगितलं होतं. पुढे आरोपी सुटला. नातेवाइकांमध्ये चर्चा झाली की पोरगी घाबरली, धमकी आली असेल. धमकी वगैरे काही नव्हती. मी स्वतःलाच विचारत राहिले की ज्या चेहऱ्याची मला एवढी खात्री होती तो गेला कुठे.

याचं उत्तर मिळायला मला २०२२ उजाडावं लागलं.

मी बत्तिसाव्या वर्षी मानसशास्त्रात एम.ए.ला प्रवेश घेतला. वर्गातल्या मुली माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान. मी शिकत होते त्याच काळात आपल्या नागपूर विद्यापीठाला शंभर वर्षं पूर्ण झाली, ४ ऑगस्ट १९२३ ची स्थापना. याच विद्यापीठाचे एक कुलगुरू हरिसिंग गौर मोठे कायदेपंडित होते. पुढे त्यांनी मध्य प्रदेशातल्या सागरला विद्यापीठ काढलं आणि तिथेच १९५९ मध्ये देशातला गुन्हेशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग सुरू झाला. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. हा विषय कुठून तरी लांबून आलाय असं वाटायचं, तो जुन्या सी.पी. अँड बेरारच्याच, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडच्याच, मुलखातला निघाला.

बी.ए.ला समाजशास्त्रात गुन्हेशास्त्राचा पेपर होता, पण तेव्हा मी तो गाइड पाठ करून दिला होता. लोम्ब्रोसो, सदरलँड, मर्टन, प्रत्येकाचे चार-चार मुद्दे. एम.ए.ला मात्र प्रॅक्टिकल होती. प्रयोगकर्ता एक, प्रयुक्त एक, आणि वही. निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, आरशात बघून चांदणी गिरवायची. ज्याच्यावर प्रयोग करतो त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, हा शब्द मला पहिल्या दिवसापासून आवडला. आपण कोणावर तरी प्रयोग करतो आहोत याची त्यात कबुली आहे.

मग एके दिवशी स्मरणाच्या तासाला मॅडमनी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग शिकवला. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्न सगळ्यांना तोच, फक्त एक क्रियापद बदललेलं. कोणाला विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता. कोणाला विचारलं, एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांची सरासरी आली ताशी ४० मैलांहून थोडी जास्त आणि सगळ्यात मऊ शब्द ऐकणाऱ्यांची ३१.८. दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. फिल्म दाखवून आठवडाभराने विचारलं, फुटलेली काच पाहिली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. ज्यांना वेगाबद्दल काही विचारलंच नव्हतं, त्या ५० पैकी ६ जणांनी.

मॅडम पुढे गेल्या. मी वहीत "काच" लिहिलं, त्याच्यापुढे "बाली" लिहिलं आणि त्या तासाचं बाकी काही माझ्या वहीत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण झोप न लागणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तोवर शिकले होते. म्हणून मी वकील असलेल्या मैत्रिणीला सोबत घेऊन त्या खटल्याच्या कागदांच्या नकलेसाठी अर्ज केला. फेऱ्या झाल्या, नक्कल मिळाली. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

पहिला, घटनेच्या रात्रीची फिर्याद. आईची, पण वर्णन सांगायला मी तिच्या शेजारी होते आणि त्यात "माझी मुलगी सांगते की" असं वाक्य आहे. त्यात लिहिलं आहे: दोन अनोळखी इसम, काळ्या रंगाची मोटरसायकल, नंबर पाहिला नाही, मागील इसमाच्या अंगात निळसर शर्ट. बस. वय नाही, रंग नाही, अंगकाठी नाही, बाली नाही.

दुसरा, दुसऱ्या दिवशीचा माझा जबाब. त्यात रंग सावळा, अंगाने बारीक, उजव्या कानात बाली. एका रात्रीत माझी आठवण एवढी भरली होती. आणि जबाबात हवालदारांचा प्रश्न लिहिलेलाच नाही. जबाब असाच लिहितात, सलग, जणू साक्षीदार आपण होऊन बोलत गेला. प्रश्न गाळला की त्यातून आलेलं उत्तर साक्षीदाराच्या डोळ्यांनी पाहिलेलं होऊन बसतं. मला या अख्ख्या अभ्यासात एवढी जड वाटलेली दुसरी गोष्ट नाही, आणि ती कुठल्या पुस्तकात नव्हती, माझ्याच सहीच्या कागदावर होती.

आणि तो "शाब्बास". गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये हेच तपासलं होतं. खरा गुन्हेगार ज्यांच्यात नव्हताच अशा फोटोंमधून लोकांनी कोणाला तरी ओळखलं. त्यातल्या काहींना सांगितलं, छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत. तेवढ्या एका वाक्यावर त्यांची खात्री वाढली. आणि आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपलं लक्ष पुरतं होतं, हेही ते मागाहून ठामपणे सांगू लागले. माझ्या त्या चहाच्या कपासोबत हेच झालं होतं. मोटरसायकलवरून मागे वळून बघणारा मुलगा मला मामाला सांगताना दिसला, आणि मामाला सांगितलं ते चहानंतर.

अमेरिकेतल्या जेनिफर थॉम्पसनबद्दल मी नंतर वाचलं. १९८४ मध्ये, बावीस वर्षांची कॉलेजमधली मुलगी, नॉर्थ कॅरोलायनात तिच्यावर बलात्कार झाला. ती त्या वेळी ठरवून त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवत होती, वाचलो तर याला शिक्षा करवीन म्हणून. तिने आधी फोटोंत आणि मग समोर उभ्या केलेल्या माणसांत रोनाल्ड कॉटनला ओळखलं. फोटोंत आणि समोर, दोन्ही ठिकाणी असलेला तो एकटाच होता. तो दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला. १९९५ मध्ये डीएनए तपासणीत खरा गुन्हेगार दुसराच निघाला. आणि हा दुसरा माणूस मधल्या काळात, कॉटनच्या फेरसुनावणीत, तिच्यासमोर आणला गेला होता. तिने त्याला ओळखलं नाही. तिच्या आठवणीत तोवर कॉटनचा चेहरा बसला होता. ती खोटं बोलत नव्हती. हे वाक्य मी माझ्यासाठीही लिहिते आहे, पण त्याने मला हलकं वाटत नाही.

ओळख परेड नावाची गोष्ट याच्यासाठीच असते. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर लोकांमध्ये उभं करायचं, दंडाधिकाऱ्यासमोर, पोलिसांना बाजूला ठेवून. बाकड्यावर एकटा बसवलेला माणूस दाखवून "हाच ना?" विचारणं म्हणजे ओळख नव्हे. मला एकोणिसाव्या वर्षी हे कोणी सांगितलं असतं तर? मी तरी विचारलं असतं का, बाकीचे कुठे आहेत म्हणून? बहुतेक नसतं विचारलं. माझी आई पडली होती आणि मला कोणीतरी हवा होता.

तो मुलगा किती दिवस आत होता, तेही कागदावर सापडलं. जामीन तिसऱ्या महिन्यात मंजूर झालेला. सुटका आठव्या महिन्यात. मधले पाच महिने जामीनदार नव्हता. ज्याच्या नावावर घर नाही, शेत नाही, पगाराची स्लिप नाही, त्याच्यासाठी सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, कागद कोण देणार? त्याचं वय आरोपपत्रात एकोणीस लिहिलं आहे. माझ्याएवढं.

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांत तीन. आकडा परीक्षेत लिहिताना सोपा जातो. माझ्या घरात मात्र गिनती हा शब्द आधीपासून होता. बाबा रोज संध्याकाळी जी माणसं मोजत होते त्यांच्यातल्या किती जणांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता, हा विचार मी तोवर कधी केला नव्हता. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. याआधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने, काही अपवाद सोडले तर, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बाँडवर सोडावं, अशी तरतूद. चांगली आहे. पण तेवढा काळ तर जातोच.

आणखी एक गोष्ट कागदात होती. त्याचा पत्ता. तो ज्या वस्तीतला होता तिचं नाव घेतलं की आमच्याकडे लोक पाकीट सांभाळतात. जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर मीही तेच करेन. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पोलिसात हजेरी लावायची, गाव सोडायचं तरी परवानगी घ्यायची. पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, तिकडे इटलीत चेझारे लोम्ब्रोसो जन्मजात गुन्हेगार कवटीवरून, जबड्यावरून, कानावरून ओळखता येतो असं लिहीत होता. शास्त्र म्हणून लोम्ब्रोसो कधीच मोडीत निघाला. कायदा १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला रद्द झाला. पण हवालदारांच्या प्रश्नात ती बाली आली कुठून? त्यांच्या डोक्यात कोणीतरी आधीपासून बसलेला होता, आणि त्याच्या कानात बाली होती.

मला या संदर्भात नेहमी आपली मारबत आठवते. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते. "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी लहानपणापासून बाबांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आहे आणि मला ती आजही मनापासून आवडते. गावातलं सगळं वाईट एका पुतळ्यावर घालायचं, वाजतगाजत बाहेर न्यायचं आणि जाळायचं. पुतळा कागद-बांबूचा आहे, त्याला दुखत नाही. त्याच्या जागी एक वस्ती ठेवली की काय होतं, ते मी आरोपपत्राच्या पहिल्या पानावर पाहिलं.

इथे मला कोणीतरी म्हणेल, मग काय सगळ्या साक्षीदार बायका चुकीच्याच? नाही. याच नागपुरात १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादवला, वस्तीत दहशत माजवणाऱ्या, बलात्काराचे आरोप असलेल्या गुंडाला, भर कोर्टात मारलं. मी तेव्हा शाळेत होते, शहरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. एम.ए.ला आमच्या वर्गात यावर दोन तास चर्चा झाली आणि मुली रडल्या. त्या बायका त्याला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. ओळखीचा चेहरा आणि क्षणभर दिसलेला अनोळखी चेहरा, या दोन आठवणी माणसाच्या मेंदूत सारख्या नसतात. ओळखीचा चेहरा माणूस अंधुक प्रकाशातही ओळखतो. त्यांच्या आठवणीत खोट नव्हती. त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कोणी ऐकून घेतल्या नाहीत, असं त्या सांगत होत्या. पुढे त्या खटल्यातले आरोपी सुटले, शेवटचे २०१४ मध्ये, पुराव्याअभावी. माझ्यासारखीचं ऐकताना तिच्या तोंडात शब्द घालायचे आणि त्यांच्यासारखीचं ऐकायचंच नाही, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून येतात असं मला वाटतं. विचारणाऱ्याला उत्तर आधीच हवं असतं, किंवा नको असतं.

शेजारच्या मुलीला मी नार्कोबद्दलही सांगितलं, कारण तिने विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगून टाकलं आहे की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही. ती जरा हिरमुसली. फॉरेन्सिककडे जायचं असेल तर विज्ञान लागतं आणि त्यासाठी नागपुरातच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, हेही सांगितलं. तिचे बारावीला आर्ट्स आहेत, त्यामुळे तो रस्ता तिच्यासाठी नाही. मानसशास्त्राचा आहे. तो लांबचा आहे, पण आहे.

मी आता लहान मुलांसोबत काम करते. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसमध्ये मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, घेणारा अधिकारी वर्दीत नको, शक्यतो बाई हवी, हे २०१२ च्या कायद्यातच आहे. मी सोबत बसते. मी स्वतः मुलाशी बोलते तेव्हा एकच वाक्य म्हणते, "काय झालं ते तू सांग, तुला येईल तसं." आणि मग थांबते. हे थांबणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शांतता झाली की जिभेवर प्रश्न येतो, "त्याने तुला असं केलं का?" तो गिळायचा. पंख्याचा आवाज ऐकायचा. एकदा एका सात वर्षांच्या मुलीने किती तरी वेळ फ्रॉकचा धागा ओढत काढला आणि मग स्वतःहून बोलायला लागली. तिने सांगितलेल्यातलं काहीही मला विचारायला सुचलं नसतं.

नक्कल घरी आणली त्या दिवशी बाबा टेबलाशी येऊन बसले होते. चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याची माय यायची मुलाकातीले. दर सोमवारी. उन्हात उभी राहायची." थोड्या वेळाने म्हणाले, "मी तिले पाणी नेऊन द्यायचो. मी कोण हाय ते नाही सांगितलं तिले."

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटत होतं? तोच होता का?"

"मले कसं माहीत, बेटा. मी तिथं नव्हतो."

मग उरली आई. चौदा वर्षं होऊन गेली होती आणि मी तिला त्या संध्याकाळबद्दल कधी सरळ विचारलंच नव्हतं. सगळ्यांना मीच सांगत आले होते, ती ऐकत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कूलरसमोर वाटाणे सोलत बसली होती. मी वही घेऊन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी बाजारातून येताना काय झालं ते सांग. तुला आठवेल तसं." बाली म्हटलं नाही, शर्ट म्हटलं नाही, मोटरसायकलसुद्धा म्हटलं नाही.

ती सांगत गेली. पिशवीत दोन किलो टमाटे होते, ते सगळे रस्त्यावर गेले. एक सायकलवाला थांबला, त्याने टमाटे गोळा करून दिले. गुडघ्यात खडी रुतली होती. साडी नवीन होती. मानेला आग होत होती आणि तिला वाटलं गळाच कापला. चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही. मी थांबले. पंखा, कूलर, शेंगा फुटण्याचा आवाज.

मग ती म्हणाली, "तू तर माह्याकडंच पाहून राहिली होती. मी पडली तशी तू खाली बसली अन् माह्या मानेले हात लावून पाहिला. गाडी तोवर गेली पण होती. तू त्याले पाहिलं कवा?"

तिचीही आठवण चौदा वर्षांची आहे. तीही बदललेली असेल. मी तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं, मी काय विचारलं होतं तेही वर लिहिलं, आणि तारीख टाकली.